दहापैकी किती? गेमला मार्क देणाऱ्याचं गणित

मार्क या विषयावर इंजिनिअरिंगच्या पोराला कोणी नव्याने काही शिकवावं असं उरलेलं नाही. इंटर्नल कसे मिळतात, व्हायव्हाला एक्स्टर्नल कशाने खूश होतो, आणि ४० वाला ६० वाल्यापेक्षा हुशार कसा असू शकतो, हे सगळं आपण पहिल्या सेमिस्टरलाच शिकून घेतो. तरीही नवीन गेम टाकायचा विषय निघाला की हॉस्टेलवर पहिला प्रश्न एकच, ‘रेटिंग किती आहे रे?’ कोणीतरी ‘९.२’ म्हणतो आणि चर्चा संपते. डाउनलोड सुरू!

आता जरा विचार करा. हा ९.२ आला कुठून? मल्टिमीटरच्या दोन वायरी गेमला लावून तर नक्कीच नाही. कुठेतरी एक माणूस बसलाय, त्याने तो गेम खेळला आणि आकडा लिहिला. तो हा आकडा कसा ठरवतो, आकड्यात काय मावतं, काय बाहेर सांडतं आणि त्यापायी कोणाची नोकरी, तर कोणाचा बोनस कसा जातो, ते या लेखात बघू.

खेळायचे पैसे?

‘दिवसभर गेम खेळायचे आणि वर पगार घ्यायचा’ ही समीक्षकाच्या नोकरीबद्दलची आपली कल्पना. प्रत्यक्षात ते काम बरंचसं सबमिशनच्या आठवड्यासारखं असतं. गेम बाजारात येण्याच्या थोडे दिवस आधी कंपनी त्याची कॉपी पाठवते. सोबत एम्बार्गो असतो, म्हणजे अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत काहीही छापायचं नाही असा करार. गेम मोठा असेल तर तो संपवायला ४०-५० तास सहज लागतात, आणि हातात असतो एखादा आठवडा. त्या गेममध्ये रमायला वेळ नसतो. एका हातात कंट्रोलर आणि बाजूला वही!

वहीत तो काय टिपतो? बटण दाबल्यावर पात्र लगेच हलतं की विचार करून हलतं? कॅमेरा ऐन लढाईत भिंतीत तोंड खुपसतो का? आपण मेलो तर चूक आपली होती असं वाटतं, की गेमने फसवलं असं वाटतं? पाचव्या तासाला जे केलं तेच पंचविसाव्या तासाला करावं लागतंय का? सेव्ह उडतो का? मशीन हँग होतं का? आणि मागितलेली किंमत वसूल होते का?

पण या सगळ्यांवरचा प्रश्न एकच असतो. या गेमला जे करायचं होतं, ते त्याला जमलं का? कार रेसिंगच्या गेममध्ये कथा नाही म्हणून कोणी मार्क कापत नाही. स्कूटरवर दहा पोती सिमेंट बसत नाही म्हणून तिला नापास करण्यासारखंच ते होईल. गेमची तुलना त्याच्या जातीच्या गेम्सशी होते, आणि तीही त्या काळातल्या. म्हणूनच २००० साली ज्याला ९ मिळाले तोच गेम आज नव्याने आला तर त्याला ९ मिळतीलच असं नाही.

आता आकड्याकडे येऊ. आपण जर्नल लिहिताना आधी उत्तर लिहितो आणि मग रीडिंग्ज ‘बसवतो’. चांगला समीक्षक याच्या उलट करतो. तो आधी लेख लिहितो, आकडा सर्वांत शेवटी येतो. बऱ्याच ठिकाणी मग संपादकाबरोबर बैठक होते. ‘तू याला ८ म्हणतोस, पण गेल्या महिन्यात त्या दुसऱ्याला आपण ८ दिले होते, हा खरंच त्याच्या तोडीचा आहे का?’ असा कीस पडतो. थोडक्यात, आकडा हा लेखाचा एका शब्दातला सारांश. मोजमाप म्हणतात ते हे नव्हे.

पाच विषयांची मार्कशीट

आपल्यातला कोणीही म्हणेल, यात काय अवघड आहे? फॉर्म्युला बनवा! तसा तो बनवलाही गेला होता. अमेरिकेतल्या गेमस्पॉट या प्रसिद्ध संस्थेत २००७ च्या मध्यापर्यंत प्रत्येक गेमला पाच विषयांत मार्क मिळत : गेमप्ले, ग्राफिक्स, आवाज, व्हॅल्यू आणि टिल्ट. टिल्ट म्हणजे समीक्षकाचा स्वतःचा कल. या पाचांतून एक एकत्रित आकडा काढला जायचा.

दिसायला हे फार शास्त्रीय वाटतं. पण एक उदाहरण घेऊ. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव याने टेट्रिस बनवला. ज्या मशीनवर बनवला त्यावर ग्राफिक्स नव्हतेच, त्यामुळे पहिल्या आवृत्तीतले ठोकळे चक्क कंसाच्या चिन्हांचे होते. ग्राफिक्सला शून्य, आवाजाला शून्य, कथा तर नाहीच. सरासरी काढली की टेट्रिसला केटी! आणि जगाने मात्र त्याला इतकी वर्षं डोक्यावर घेतलंय.

आता उलटी बाजू. चित्रं डोळे दिपवणारी, संगीत अप्रतिम, पण कंट्रोल असे की पात्र वळवता वळवता बोटं दुखावीत. दोन विषयांत ०.९, तिसऱ्यात ०.३, सरासरी ०.७. म्हणजे फर्स्ट क्लास! पण सिरीजमध्ये जोडलेल्या सिस्टिमची रिलायबिलिटी आपण कशी काढतो? गुणाकाराने. ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.३, म्हणजे जेमतेम ०.२४. खेळणाऱ्याचा अनुभव हा या गुणाकाराच्या जास्त जवळचा असतो. कंट्रोल बिघडला की सुंदर चित्रं त्याची भरपाई करत नाहीत. मेसमध्ये पनीर उत्तम आहे आणि मीठ चारपट पडलंय, तर सरासरी काढून कोणी जेवतो का?

पाचांपैकी खरा प्रामाणिक रकाना होता तो टिल्टचा. बाकीचे चार रकाने ‘मी मोजलं’ म्हणायचे, हा पाचवा ‘मला वाटलं’ असं सरळ कबूल करायचा. २००७ मध्ये गेमस्पॉटने ही पाच विषयांची मार्कशीटच बंद करून टाकली.

लीस्ट काउंटचा प्रश्न

फिजिक्सच्या लॅबमध्ये साध्या फूटपट्टीने मोजून कोणी २.३४७ सेंटिमीटर असं लिहिलं तर सर काय करतात ते सांगायला नको. ज्या उपकरणाचा लीस्ट काउंट एक मिलिमीटर, त्याने त्यापुढचं बोलू नये. मग माणसाच्या आवडीनिवडीचा लीस्ट काउंट किती?

गेमस्पॉटच्या जुन्या पद्धतीत १.० ते १०.० मध्ये ०.१ च्या पायऱ्या होत्या, म्हणजे एकूण ९१. पीसी गेमर मासिक तर टक्क्यांत मार्क देतं. ८६ टक्के आणि ८७ टक्के यांत फरक कोणता, हे कुठलाही समीक्षक छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण वाचक मात्र या एका दशांशावर जीव टाकतो. नोव्हेंबर २००६ मध्ये गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमनने झेल्डा मालिकेतल्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’च्या वी आवृत्तीला ८.८ दिले. लेखात कौतुक होतं, आकडाही चांगलाच होता. पण तो ९ नव्हता! चाहत्यांनी केवढा गदारोळ केला! ०.२ साठी. पुनर्मूल्यांकनाला अर्ज करणारे आपल्याकडेच असतात असं समजू नका.

पुढच्या वर्षी गेमस्पॉटने पायरी ०.५ ची केली. ९१ पायऱ्यांच्या झाल्या १९. म्हणजे उपकरण तेच, पण निदान त्याचा लीस्ट काउंट प्रामाणिकपणे सांगितला.

जपानच्या फामित्सू मासिकाचा फंडा मला सगळ्यांत आवडतो. १९८६ साली सुरू झालेल्या या मासिकात एकच गेम चार समीक्षक बघत आणि प्रत्येक जण दहापैकी मार्क देत असे. चौघांचे आकडे वेगवेगळे छापले जात आणि बेरीज ४० पैकी. पहिले ४० पैकी ४० मिळाले १९९८ मध्ये, झेल्डाच्याच ‘ओकारिना ऑफ टाइम’ला. यातली गंमत अशी की ८, ८, ८, ८ ची बेरीज ३२ आणि १०, १०, ६, ६ ची बेरीजही ३२. पण पहिला गेम ‘सगळ्यांना बरा’ आहे आणि दुसरा ‘काहींना वेड लावणारा, काहींना वैताग आणणारा’. मीन सारखा, डेव्हिएशन वेगळं. एकच आकडा छापला की हे डेव्हिएशन हरवतं, आणि आपल्याला तर नेमकं तेच हवं असतं, कारण आपण कुठल्या गटात मोडतो ते आपल्याला माहीत असतं.

सात म्हणजे किती?

०ते १० च्या पट्टीवर मध्य कुठे? ५ वर, हे पाचवीचं पोरगंही सांगेल. पण गेमच्या जगात ५ म्हणजे टाकाऊ, ६ म्हणजे नको, ७ म्हणजे ठीकठाक आणि खरी पट्टी ७ ते १० एवढीच. असं का?

एक कारण सवयीचं. अमेरिकेतल्या शाळांत साधारण ६० च्या खाली गेलं की नापास आणि सत्तरीला सामान्य समजतात. तीच सवय आकड्यांबरोबर इकडे आली. दुसरं कारण निवडीचं. अगदी रद्दी गेम्स बहुतेक वेळा समीक्षकापर्यंत पोचतच नाहीत. मासिकाची पानं मोजकी, माणसं मोजकी, मग चर्चेतलेच गेम्स बघितले जातात. म्हणजे हे कॅम्पसच्या लेखी परीक्षेतून गाळून आलेल्या मुलांची सरासरी काढण्यासारखं झालं. ती वरच येणार. आणि तिसरं कारण अर्थातच दबावाचं, त्याकडे पुढे येऊच.

काहींनी ही पट्टी सरळ करायचा प्रयत्न केला. ब्रिटनचं अमिगा पॉवर मासिक १९९१ ते १९९६ चाललं. ‘५० टक्के म्हणजे मध्यम’ हे त्यांनी हट्टाने पाळलं. त्याच देशातल्या एज मासिकाचाही ५ ला मध्य मानण्याचा आग्रह. १९९३ साली सुरू झालेल्या एजने पहिले १० पैकी १० दिले ते १९९६ मध्ये, ‘सुपर मारिओ ६४’ला. पण एक परीक्षक कडक आणि बाकी सगळे उदार असले की कडक परीक्षकाच्या बॅचचं काय होतं ते आपण जाणतोच.

याचा सगळ्यांत गमतीदार पुरावा मेटाक्रिटिक देते. २००१ मध्ये सुरू झालेली ही सेवा अनेक समीक्षकांचे आकडे गोळा करून १०० पैकी एक आकडा काढते आणि त्याला रंग देते. सिनेमाला ६१ मिळाले की हिरवा रंग. गेमला मात्र हिरवा रंग मिळायला ७५ लागतात! म्हणजे ६५ गुणांचा सिनेमा ‘चांगला’ आणि ६५ गुणांचा गेम ‘संमिश्र’. पट्टी तिरकी आहे हे मोजणाऱ्यानेच मान्य केलंय. आता समजा एखाद्याने गेमला पाचपैकी तीन तारे दिले. त्याच्या मनात ‘बरा आहे, खेळा’. त्याचे होतात ६०, म्हणजे पिवळा. बोलणाऱ्याचा शब्द एक, ऐकणाऱ्याच्या कानात दुसराच!

शिवाय ही साधी सरासरी नसते. प्रत्येक समीक्षण देणाऱ्या संस्थेला वेगळं वजन असतं, आणि ते किती हे मेटाक्रिटिक सांगत नाही. वेटेज माहीत नसलेला पेपर सोडवून बघा!

आकडा दुसऱ्याच्या हातात पडला की...

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. आता जरा गंभीर.

नोव्हेंबर २००७. वर ज्याचा उल्लेख आला तोच जेफ गर्स्टमन. दहा वर्षांहून जास्त काळ गेमस्पॉटमध्ये काम केलेला. त्याने ‘केन अँड लिंच : डेड मेन’ या गेमला ६.० दिले. त्यांच्या स्वतःच्या पट्टीवर या ६ चा अर्थ होता ‘ठीक’. त्याच सुमारास गेमस्पॉटवर याच गेमच्या मोठमोठ्या जाहिराती झळकत होत्या. महिना संपायच्या आत गर्स्टमनला कामावरून काढण्यात आले. जाहिरातदाराच्या दबावाचा यात संबंध नाही असं कंपनीने तेव्हा सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत आणखी काही सहकारी बाहेर पडले. २०१२ मध्ये बोलायची मोकळीक मिळाल्यावर गर्स्टमनने स्वतः सांगितलं, की जाहिरातदार नाराज होतात म्हणून वरच्या व्यवस्थापनाकडून आकड्यांबद्दल दडपण येत होतं आणि आपल्याला काढण्यामागे तेच होतं. ‘ठीक’ला ‘ठीक’ म्हणण्याची किंमत!

दुसरी गोष्ट २०१० ची. ऑब्सिडियन या कंपनीने बेथेस्डासाठी ‘फॉलआउट : न्यू वेगास’ बनवला. गेम जोरात खपला. पण ऑब्सिडियनच्या बोनसची अट मेटाक्रिटिकला बांधलेली होती : किमान ८५. मिळाले ८४. ही गोष्ट २०१२ मध्ये ऑब्सिडियनच्याच ख्रिस अव्हेलोन याने जाहीर केली. एका मार्काने क्लास हुकणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावायला नको. इथे तर तो मार्क देणाऱ्या कोणालाच माहीत नव्हतं की आपल्या ‘८ की ८.५’वर कोणाचा बोनस अडकलाय.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने १९७५ पासूनचा एक नियम ओळखला जातो. त्याचा सोपा अर्थ असा की एखादं माप हेच टार्गेट झालं की ते माप म्हणून निकामी होतं. पटत नसेल तर आपली ७५ टक्के हजेरी बघा. ती मोजायची होती अभ्यासातली गोडी. आता मोजते प्रॉक्सी मारणाऱ्या मित्रांची संख्या. गेमच्या आकड्याचंही तसंच आहे. तो वाचकाच्या सोयीसाठी होता. जाहिरात विभागाने, गुंतवणूकदाराने आणि करार लिहिणाऱ्याने तो उचलला, तिथे तो बिघडला. आकडा लिहिणारा माणूस तोच राहिला, फक्त त्याच्या खांद्यावरून आता पाच जण वाकून बघू लागले.

नमुना एक, माल दुसरा

अजून एक अडचण आहे, क्वालिटी कंट्रोलवाल्यांना लगेच कळेल अशी. तपासलेला नमुना आणि विकलेला माल एकच आहे का?

डिसेंबर २०२० मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ आला. समीक्षकांना आधी मिळाली ती फक्त पीसीची आवृत्ती, आणि स्वतः खेळतानाचं चित्रण आधी दाखवायलाही बंदी होती. ७ डिसेंबरला आकडे बाहेर आले, नव्वदीच्या आसपास. १० तारखेला लोकांनी जुन्या प्लेस्टेशन ४ वर गेम लावला तर तो धड चालेना. जेमतेम आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. परत आला जून २०२१ मध्ये. पुढे दुरुस्त्या होत होत सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर तो बराच वेगळा आणि चांगला झाला. आता सांगा, खरे मार्क कोणते? पहिल्या दिवसाचे पीसीचे, प्लेस्टेशनचे की तीन वर्षांनंतरचे? समीक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांनी जो नमुना बघितला त्याचंच लिहिलं. पण आकड्यासमोर ‘कोणत्या मशीनवर, कोणत्या तारखेला’ हे युनिट लिहिलेलं नसतं. आणि युनिट न लिहिलेल्या उत्तराला आपल्याकडे अर्धा मार्क कापतात!

मग आकडा काढूनच टाकायचा?

हाही प्रयोग झाला. ब्रिटनच्या युरोगेमरने फेब्रुवारी २०१५ मध्ये दहापैकी मार्क देणं बंद केलं आणि ‘शिफारस’, ‘आवर्जून खेळा’, ‘टाळा’ असे मोजके शिक्के ठेवले. पण २०२३ मध्ये त्यांनीही पाच ताऱ्यांची पद्धत आणली. कारण सरळ आहे. हजारो रुपये खर्च करायच्या आधी वाचकाला कोणीतरी पटकन ‘घे’ किंवा ‘नको’ म्हणायला हवं असतं. ती गरज खोटी नाही.

पण आकड्यात काय सांडतं याचं आपल्या जवळचं उदाहरण बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आपल्या पुराणांतले देव आणि दानव, राजस्थानी धाटणीचे महाल. समीक्षकांनी चित्रांचं आणि वातावरणाचं भरभरून कौतुक केलं, आणि लढाईतला अवघडलेपणा, लवकर संपणं यांवर बोटही ठेवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्यांची सरासरी काढली की उरतो एक मधला आकडा, आणि त्यातून ‘असा गेम यापूर्वी फारसा कोणी केला नव्हता’ हे वाक्य गळून पडतं. लढाईसाठी खेळणाऱ्याला तो आकडा जास्त वाटेल. देवळांच्या कोरीवकामात हरवून जाणाऱ्याला कमी. आकडा मात्र दोघांना तोच.

आपण काय करायचं?

पहिलं, आकडा बघा, पण त्याखालचे निदान दोन परिच्छेद वाचा. ‘कंटाळवाणा’ असं लिहिलं असेल तर का, ते बघा. त्याला जे कंटाळवाणं वाटलं ते कदाचित आपल्याला आवडतही असेल. पत्त्यांचे ढीग लावत बसणारे आपल्या विंगमध्ये काय कमी आहेत?

दुसरं, दहा समीक्षकांची सरासरी बघण्यापेक्षा एक समीक्षक धरा. त्याची आवड आपल्याशी जुळते की उलटी आहे ते ओळखा. उलटी असली तरी चालेल, फक्त ती सातत्याने उलटी हवी. कॅलिब्रेट केलेलं उपकरण थोडं चुकीचं दाखवत असलं तरी उपयोगी पडतं. दरवेळी वेगळी चूक करणारं कामाचं नाही.

तिसरं, तारीख आणि मशीन बघा. आणि चौथं, एखाद्याने आपल्या लाडक्या गेमला ८.८ दिले तर त्याला शिव्या घालू नका. तो त्याचं काम करतोय. गेम आवडणाऱ्यांपैकीच तो एक आहे, फक्त त्याला आपलं मत सही करून द्यावं लागतं.

आणि हो, हे सगळं फक्त गेमपुरतं आहे असं समजू नका. जानेवारीत निकाल लागेल, नोटीस बोर्डासमोर गर्दी होईल, दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे मोठ्याने वाचले जातील. तेव्हा शेजारच्या मित्राचा पॉइंटर बघून त्याच्याबद्दल मत बनवण्याआधी या उपकरणाचा लीस्ट काउंट किती, एवढं फक्त आठवा. बाकी गेम कुठला टाकायचा, ते आज रात्री जेवणानंतर ठरवूच!